कापलेली पट्टी आणि वाया गेलेले बारा दिवस

पाळी चुकून दोन आठवडे झाले की गोळ्यांनी गर्भपात करायला बाईच्या हातात तीनच आठवडे उरलेले असतात. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर तोवर 42 दिवस भरलेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मर्यादा 63 दिवस, म्हणजे नऊ आठवडे. गोळी विकणाऱ्याला या हिशोबाचं सोयरसुतक नसतं.

नेहमीची गंडवणूक अशी. मेडिकलवर किंवा ‘ओळखीतून’ कात्रीने कापलेली पट्टी मिळते. नाव आणि बॅच नंबर कापलेल्या तुकड्यावर राहिलेला, बिल नाही, किंमत छापील किमतीच्या कितीतरी पट. “पाच दिवस घ्या, पाळी येईल.” पट्टीत बहुधा नॉरइथिस्टेरॉन निघतं. दिवस गेलेले नसतील तर ही हार्मोनची गोळी थांबवल्यावर पाळी येते. गेलेले असतील तर तिने गर्भ पडत नाही. पाच दिवस गोळ्या, वर आठवडाभर वाट. 42व्या दिवशी सुरुवात केलेली बाई 54व्या दिवशी भानावर येते. पैसे गेले त्याचं एवढं नाही. बारा दिवस गेले.

72 तासांची गोळीही अशीच खपवतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम ही संबंधानंतर 72 तासांच्या आत, गर्भ राहू नये म्हणून घ्यायची. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, चार घेतल्या तरी नाही.

खरं पाकीट पाच गोळ्यांचं असतं. मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉल 200 मायक्रोग्रॅमच्या चार. आधी पहिली, 36 ते 48 तासांनी बाकीच्या चार, तेही डॉक्टरांनी तपासून दिल्यावर. चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदाच आहे. म्हणून पाकीट हातात आलं की आधी गोळ्या मोजाव्यात. मिसोप्रोस्टॉलच्या दोन सुट्या गोळ्या देऊन बोळवण केली तर कळा येतात, अंगावरून जातं, बाई निश्चिंत होते आणि गर्भ आतच वाढत राहू शकतो. तसा वाढला तर बाळाच्या हातापायांत व्यंग येण्याचा धोका असतो, त्यामुळे कोणती गोळी कधी घेतली ते डॉक्टरांपासून लपवू नये.

काउंटरवर जे कुणीच विचारत नाही ते सगळ्यात महागात पडतं: गर्भ गर्भाशयाच्या पिशवीत आहे की बीजवाहक नळीत? नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत, आणि नळी फुटली तर जीवावर बेततं. पोटात एका बाजूला सतत दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, ही लक्षणं गोळीचा परिणाम समजून घरात काढू नयेत. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते.

मग सहीचा धंदा. “नवऱ्याची सही नसेल तर जास्त लागतील.” अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, लग्न झालेलं असो वा नसो. नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवरचं कायदेशीर बंधन आहे. त्याचे वेगळे पैसे मागणारा माणूस तिची भीतीच विकत असतो. खासगी दवाखान्यात गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असावं लागतं. भिंतीवर नसेल तर विचारावं.

गोळ्या घेतल्यावरही लुबाडणूक संपत नाही. गर्भपात पूर्ण झाला तरी लघवीच्या तपासणीत तीन-चार आठवडे दुसरी रेघ दिसू शकते. तेवढ्यावरून दुसरा डोस घेऊ नये. तसंच, सोनोग्राफीत थोड्या गाठी दिसल्या म्हणून लगेच पिशवी साफ करायला लावली तर कारण विचारावं. रक्तस्राव बेताचा असेल आणि ताप नसेल तर बहुतेक वेळा थांबता येतं. मात्र तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजताहेत आणि हे सलग दोन तास चाललंय, किंवा ताप किंवा वास येणारा स्राव आहे, तर थांबू नये. 108ला फोन करावा.

आणि दवाखान्यात जायला निघताना ती कापलेली पट्टी, रिकामी असली तरी, सोबतच्या पिशवीत टाकावी. गोळीचा रंग, आकार आणि उरलेली अर्धी अक्षरं पाहून पोटात काय गेलंय याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर दाखवायला तेवढीच वस्तू हातात असते.