सीई मीटर: नऊ महिने, रात्रपाळी आणि आप्पांची वेज

सीई मीटर म्हणजे बिडाच्या रसाचा कार्बन इक्विव्हलंट, म्हणजे कार्बन आणि सिलिकॉनचा मिळून एक आकडा, सांगणारं यंत्र. ते नऊ महिने वापरलं, त्याचा हा अनुभव. आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत लहान फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. ५०० किलोची इंडक्शन भट्टी, वीज देणारं पॅनेल एक, धातू वितळवायच्या क्रुसिबल दोन. काम बहुतेक ग्रे आयर्नचं, म्हणजे आपल्या भाषेत बिडाचं: पंपाची केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, ट्रॅक्टरचे किरकोळ पार्ट. ताकदीचा ग्रेड एफजी २२०, अधूनमधून एफजी २६०. हे आधीच सांगतो, कारण ज्यांच्याकडं एसजी (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड) जास्त चालतं त्यांनी हा मीटर माझ्या भरवशावर घेऊ नये. का ते पुढं येईलच.

मीटर घ्यायचं कारण म्हणजे विजेचं बिल. तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात महावितरण युनिटमागं दीड रुपया सूट द्यायचं. आमच्या भट्टीला टनाला सहाशे ते साडेसहाशे युनिट लागतात. म्हणजे तोच रस (वितळलेलं बीड) रात्री केला तर टनाला नऊशे-साडेनऊशे रुपये वाचायचे. संध्याकाळी सहा ते दहा वितळवलं तर उलट वरून जादा आकार पडायचा. जॉब वर्कच्या धंद्यात टनामागं हजार रुपये म्हणजे काय, ते ओतकामवाल्यांना सांगायला नको. म्हणून शिरोलीत काय, गोकुळ शिरगावात काय, भट्ट्या रात्री जागायच्या.

अडचण एकच. वीज रात्री स्वस्त असायची आणि जाणता माणूस रात्री झोपलेला असायचा. आमचे आप्पा मिस्त्री वडिलांच्या काळापासून भट्टीवर आहेत. कुपोला (कोकवर चालणारी जुनी भट्टी) होता तेव्हापासून. रसाच्या तोंडावरची साय कशी फिरते ते बघून कार्बन कमी की जास्त हे सांगणारा माणूस. वेज (पाचरीच्या आकाराचा नमुना) ओतायची, पाण्यात टाकून थंड करायची, घणानं फोडायची आणि टोकाला पांढरी चिल (कडक गोठलेला भाग) किती आली ते बघून "अजून सीपीसी टाक" किंवा "चार किलो सीआरसी घाल" असं सांगायचं. सीपीसी म्हणजे कार्बन वाढवणारा पेट्रोलियम कोक, सीआरसी म्हणजे कार्बन उतरवणारं स्टीलच्या पत्र्याचं भंगार. आता वय झालं, रात्रपाळी त्यांना झेपत नाही. रात्रीची पोरं वेज ओतायची, पण लालभडकच फोडायची आणि बॅटरीच्या उजेडात बघून "मस्त आहे" म्हणून मोकळी व्हायची. दिवसाचा माल एका जातीचा, रात्रीचा दुसऱ्या जातीचा. मशीन शॉपवाले तर ड्रिलच्या आवाजावरून पाळी ओळखायला लागले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळूरला इंडियन फाउंड्री काँग्रेस (ओतकामवाल्यांची दरवर्षीची परिषद) आणि त्यासोबतचं आयफेक्स हे फाउंड्री यंत्रांचं प्रदर्शन होतं. कोल्हापूरकरांना ते सोयीचं, कारण हायवेला लागलं की सरळ तुमकूर रोडवर, शहरात शिरायच्या आधीच प्रदर्शनाचं मैदान. आम्ही चौघं एका गाडीतून गेलो. आतापर्यंतचा माझा अनुभव असा, की प्रदर्शनातून माणूस चार किलो कॅटलॉग आणि दोन पिशव्या घेऊन येतो. वाळूचे साचे छापणारे थ्रीडी प्रिंटर, रोबो, सिम्युलेशन सगळं बघायचं, मान डोलवायची आणि पुढच्या स्टॉलवर चहा प्यायचा. त्या मशिनांच्या किमतीत आमची अख्खी फाउंड्री येते. या वेळी मात्र घरून एकच प्रश्न घेऊन गेलो होतो: रात्री दोन वाजता आप्पा नसताना रस ओतायचा की नाही, हे मला कोण सांगणार? तीन स्टॉलवर तोच प्रश्न विचारला. दोघांनी स्पेक्ट्रो (धातूत कोणतं मूलद्रव्य किती ते सांगणारं यंत्र) दाखवला. तिसऱ्यानं हा मीटर दाखवला. एक प्रश्न धरून फिरलं तर प्रदर्शन दीड तासात उरकतं, हे त्या दिवशी कळलं.

मे महिन्यात मीटर आला. मीटर, स्टँड, केबल आणि २०० कपांची पेटी मिळून सव्वा लाखाच्या आत बसलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाजारात असे बरेच आहेत आणि तत्त्व सगळ्यांचं एकच.

तत्त्व सोपं आहे. शेल सँडचा (राळ लावून भाजलेल्या वाळूचा) छोटा कप, त्याच्या मधोमध थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी). भट्टीतला रस घ्यायचा आणि कप एका दमात काठोकाठ भरायचा. रस निवत जातो तसा मीटर तापमान नोंदवतो. पहिला घट्ट कण धरायला लागतो तिथं उतार क्षणभर अडतो, तो लिक्विडस. सगळा रस गोठतो तिथं दुसऱ्यांदा अडतो, तो सॉलिडस. कपाच्या तळाशी टेल्युरियमचा ठिपका असतो. त्याच्यामुळं कपातलं बीड पांढरंच गोठतं आणि दुसरा थांबा स्पष्ट मिळतो. या दोन आकड्यांवरून मीटर सीई, कार्बन आणि सिलिकॉन सांगतो. आमचा नेहमीचा रस म्हणजे कार्बन ३.३५ टक्के, सिलिकॉन २ टक्क्यांच्या आसपास, सीई ४.०३. त्याला लिक्विडस ११८४ अंशांच्या जवळपास येतो. दोन-तीन मिनिटांत आकडा हातात.

पहिला महिना शिकण्यात गेला. पोरं कप दोन हप्त्यांत भरायची, मग आलेख वेडावाकडा. चमच्यात रस घेऊन गप्पा मारत यायची, रस निवायचा आणि लिक्विडस हुकायचा. स्लॅग (रसावरचा मळ) कपात गेला की तेच. एकानं तर इनॉक्युलंट (ओतायच्या आधी घालायची सिलिकॉनची पूड) घातलेल्या लॅडलमधून (रस न्यायच्या डोलातून) नमुना घेतला आणि सिलिकॉन वाढला म्हणून रात्री एक वाजता मला फोन केला. नमुना भट्टीतून, इनॉक्युलेशनच्या आधी, गरम आणि स्वच्छ. ही चार पथ्यं खडूनं पॅनेलच्या दारावर लिहिली. तेव्हापासून कप वाया जाणं जवळजवळ थांबलं.

दुसऱ्या महिन्यात एक जुनं कोडं सुटलं. पहाटेचे साचे कमी पडले की रस भट्टीत थांबवून ठेवावा लागतो. "गरम ठेवलाय ना, मग काय बिघडतंय" असा आमचा सगळ्यांचा समज. मीटरनं दाखवलं की १५०० अंशांवर पाऊण तास थांबलेल्या रसात कार्बन पाच-सहा पॉइंट (शंभर पॉइंट म्हणजे एक टक्का) खाली येतो आणि सिलिकॉन किंचित वर जातो. भट्टीचं अस्तर सिलिकाचं असतं. एवढ्या तापमानाला रसातला कार्बन त्या सिलिकातला ऑक्सिजन ओढतो, वायू होऊन उडून जातो आणि सिलिकॉन रसात उतरतो. म्हणजे कार्बनही जातो आणि अस्तरही झिजतं. पुस्तकात हे आहेच, पण स्वतःच्या भट्टीचा आकडा बघितल्याशिवाय मोल्डिंगवाल्यांना घाई करायला सांगता येत नव्हतं. आता थांबायची वेळ आली तर १४०० च्या खाली आणून ठेवतो आणि ओतायच्या आधी पुन्हा एक कप.

पैशाचा फायदा मात्र मला वाटला होता तिथून आला नाही. मला वाटलं होतं रिजेक्शन घटून पैसे वाचतील. ते वाचले, पण खरा फरक चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) पडला. पूर्वी रात्रीच्या पोरांच्या भीतीनं आम्ही पिग आयर्न (भरपूर कार्बनचं कच्चं लोखंड) जादा घालायचो, म्हणजे कार्बन घसरला तरी थोडा हात राहायचा. आता तेवढ्या पिगच्या जागी सीआरसी आणि सीपीसी जातं, आणि मीटर बघून शेवटचे दोन-चार किलो ठरतात. एक कप आमच्याकडच्या मिसळीच्या प्लेटएवढ्याला पडतो. रात्रीत सात-आठ हीट (भट्टीभर रस म्हणजे एक हीट), कप नऊ-दहा. तो खर्च पिगमधूनच निघतो.

आता ऑक्टोबरची गोष्ट. मीटर घेणाऱ्यानं बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचावं.

लॅडलच्या ट्रॉलीखाली स्टँडची केबल सापडली आणि तुटली. रात्रीची वेळ, इलेक्ट्रिशियननं कपाटातली साधी तांब्याची वायर घेतली, जोड दिला, वर व्यवस्थित टेप गुंडाळला. मीटर चालू झाला. आकडे यायला लागले. सगळे खूश. फक्त सीई थोडा वर दिसत होता, म्हणून पोरांनी आकड्याप्रमाणं सीआरसी वाढवली. तीन रात्री असंच चाललं.

चौथ्या दिवशी आप्पा आले तेव्हा रात्रीच्या वेज ट्रेमध्ये पडल्या होत्या. (वेज बंद करू नका असं मी सांगितलं होतं, आणि नशीब की पोरांनी ते ऐकलं.) त्यांनी एक उचलली, बघितली, दुसरी उचलली. मग माझ्याकडं घेऊन आले. "मालक, तुमचं यंत्र खोटं बोलतंय बगा. ह्याच्यात चार मिलीची चिल पायजे, ही आठला गेलीया."

मी त्यांना आलेख दाखवला. सीई ४.०४. आप्पांनी आलेखाकडं बघितलंही नाही. "थोरल्या मालकांनी असली वेज बघून भट्टी थांबवली असती," एवढंच म्हणाले.

दुपारी मशीन शॉपचा फोन आला. ४३ केसिंगमध्ये ड्रिल शिरत नव्हतं.

झालं असं होतं. ती केबल साधी नसते, कॉम्पेनसेटिंग केबल असते, थर्मोकपलच्या धातूला जुळणारी. तांबं जोडलं की मोजमापाचं दुसरं टोक मीटरजवळ न राहता त्या जोडाशी येऊन बसतं. मीटर केबिनमध्ये पस्तीस अंशांत, जोड भट्टीशेजारी पंचावन्न-साठ अंशांत. तो फरक मीटरला दिसतच नाही आणि तापमान तेवढं कमी वाचलं जातं. लिक्विडस २० अंशांनी खाली दिसला की सीई ०.१६ नं फुगतो. मीटर म्हणतो सीई भरपूर आहे, पोरं स्टील घालतात, आणि खरं तर बीड कडक होत जातं. आकडा हलत नाही, अडखळत नाही, एरर दाखवत नाही. त्याच्यात हेच वाईट.

इलेक्ट्रिशियनला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीच्या माणसानं बसवताना सॉफ्टवेअर तासभर दाखवलं आणि केबलबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवी केबल यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस आप्पांच्या पुतण्याला रात्री वेज बघायला बसवलं. आता एक केबल जादा ठेवलीय, चालू केबल पाइपमधून नेलीय, आणि तपासणी मीटर आणि वेज दोन्हीनं करतो. वहीत मीटरचा सीई आणि शेजारी वेजची चिल मिलिमीटरमध्ये. दोन्ही आकडे जोडीनं चालले तर ओतायचं. फारकत झाली तर आधी केबल बघायची, मग कप, मग रस.

बाकी तक्रारी लहान. पावसाळ्यात कप ओल धरतात, रस आत गेला की उकळल्यासारखा उडतो. पेटी कोअर ओव्हनजवळ (साच्यातले वाळूचे गाभे भाजायच्या भट्टीजवळ) ठेवली की प्रश्न मिटतो. कप मागवताना जून ते ऑगस्टचा साठा आधीच करा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता, तेव्हा कुरिअर कुठून येणार? भट्टी पूर्ण पॉवरवर असताना पॅनेलजवळ ठेवलेल्या मीटरचा आकडा नाचतो, म्हणून तो केबिनमध्ये हलवला.

एसजी करणाऱ्यांसाठी: मॅग्नेशियम घातल्यावर टेल्युरियमचा कप कामाचा नाही, मॅग्नेशियम टेल्युरियमला धरून बसतं. शिवाय एसजीचा सीई ४.३ च्या वर असतो, तिथं हा साधा मीटर गोंधळतो. आणि मँगनीज, गंधक, क्रोम, कॉपर यातलं हा काहीच सांगत नाही. भंगारात काय आलं ते बघायला आम्ही अजूनही बाहेरून स्पेक्ट्रो करून घेतोच. एका गिऱ्हाइकानं आमच्या मीटरचा कार्बन आणि त्यांच्या स्पेक्ट्रोचा कार्बन जुळत नाही म्हणून वाद घातला. त्यांनी नमुना कास्टिंग कापून घेतला होता. स्पेक्ट्रोला कार्बनसाठी पांढरा गोठलेला कॉइन (नाण्यासारखा ओतलेला नमुना) लागतो, ग्रॅफाइट सुटलेल्या बिडावर तो आकडा धरता येत नाही. कॉइन ओतून दिला, वाद संपला.

पुन्हा घेईन का? घेईन, ग्रे आयर्नसाठी आणि रात्रपाळी असेल तर. दिवसा जाणता मिस्त्री उभा असेल आणि महिन्याला पंचवीस-तीस टनांच्या आत काम असेल तर घाई नको.

२०२५ ची काँग्रेस फेब्रुवारीत कोलकात्याला झाली. तिथं जाणं जमलं नाही. शेजारच्या शेडवाले जाऊन आले, त्यांनी एक कॅटलॉग आणून दिला: कप, मीटर, संगणक सगळं एकत्र, भट्टीत काय आणि किती घालायचं तेही स्क्रीनवरच येतं. आप्पांनी तो चाळला आणि विचारलं, "ह्याची केबल केवढ्याला?" कॅटलॉगमध्ये ती किंमत नव्हती. फोन करून विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.