आठ महिने रोज एक शब्द-शिडी: इंग्रजीतून सुरुवात, मराठीत मुक्काम

गेल्या पावसाळ्यात फोनवर एक इंग्रजी कोड्यांचं ॲप घेतलं. रोज एक जोडी येते, चार किंवा पाच अक्षरांचे दोन शब्द. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचं, दर वेळी एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द खरा हवा. 'कोल्ड' ते 'वॉर्म' हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण: कोल्ड, कॉर्ड, कार्ड, वॉर्ड, वॉर्म. आठ महिने जवळजवळ रोज खेळले, म्हणून आता मोकळेपणाने लिहिते.

हा खेळ लुईस कॅरोलने काढला. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारा हा माणूस. 1877 च्या नाताळात 'काही करायला नाही' म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्याने हे कोडं रचलं आणि 1879 मध्ये 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात 'डब्लेट्स' या नावाने ते छापून येऊ लागलं. त्याचं 'एप'पासून 'मॅन' करा हे कोडं मी कागदावर सोडवलं, आणि या खेळाची खरी किल्ली मला तिथे सापडली. ए-पी-ई मध्ये स्वर पहिल्या आणि शेवटच्या जागी आहेत, एम-ए-एन मध्ये मधल्या. व्यंजनं बदलणं सोपं असतं, स्वराची जागा हलवणं अवघड. त्यासाठी मध्ये असा शब्द लागतो ज्यात दोन स्वर शेजारी बसलेत: एप, एप्ट, ऑप्ट, ओट, मॅट, मॅन. यातला 'ओट' (ओ-ए-टी) हा पूल. हे कळल्यापासून मी कोडं दिसलं की आधी दोन्ही शब्दांतले स्वर कुठे आहेत ते बघते आणि पूल शोधते. माझा वेळ निम्म्यावर आला.

दुसरी एक गोष्ट फार आवडली. 'कार्ड'चं 'वॉर्ड' करताना अक्षर एकच बदलतं, पण 'आ'चा 'ऑ' होतो. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत इतक्या जवळून मी शाळेत कधी पाहिली नव्हती.

ॲपबद्दल थोडक्यात सांगते. कोडी चांगली निवडलेली आहेत, दहा मिनिटांत होतात. पण इशारा घ्यायचा तर अर्धा मिनिट जाहिरात बघावी लागते, आणि एका अपडेटनंतर माझी 112 दिवसांची सलग मोजणी शून्यावर आली. तक्रार केली, उत्तर आलं नाही. ते मनाला लागलं. त्याच आठवड्यात मी वही काढली आणि आईला विचारलं, "आपण मराठीत करून बघायचं का?"

पहिलाच प्रश्न आला: मराठीत 'एक अक्षर' म्हणजे काय? 'राजा'चं 'राणी' करताना मी 'जा' काढून 'णी' ठेवला आणि म्हटलं, झालं. आई म्हणाली, "अगं, तू व्यंजनही बदललंस आणि मात्राही. हे एक कसं?" तिचं बरोबर होतं; मात्रा म्हणजे इथे काना, वेलांटी, उकार, कुठलीही स्वराची खूण. मग ती म्हणाली, "राजा, राजी, राणी. आधी राजाला राजी कर." त्या दिवसापासून आमच्या घरी दोन नियम आहेत. अख्खं अक्षर बदललं तर ती 'ढांग'. नुसतं व्यंजन किंवा नुसती मात्रा बदलली तर ते 'पाऊल'. ढांगेने 'सकाळ'ची 'दुपार' चारांत होते: सकाळ, अकाळ, अकार, अपार, दुपार. पण खरी गोडी पावलात आहे.

'पान'चं 'फूल' बघा. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती, मग म्हणाली, "पाल चालेल ना? भिंतीवरची?" पान, पाल, पूल, फूल. तीन गोष्टी वेगळ्या होत्या आणि तीनच पावलं लागली, एकही वाया गेलं नाही. 'दूध'चं 'दही' तर मला स्वयंपाकघरात उभं असताना सुटलं: दूध, दूर, दर, दरी, दही. 'घर'चं 'दार' मधल्या 'दर'वरून दोनांत.

इंग्रजीत जो स्वराची जागा हलवण्याचा त्रास आहे, तो इथे फारसा नाहीच. आपला स्वर मात्रा होऊन व्यंजनाच्या अंगावरच बसतो, त्याला वेगळी खुर्ची लागत नाही. त्यामुळे मराठी शिडी चटकन वळते, आणि हा खेळ आपल्या लिपीला इंग्रजीपेक्षा जास्त शोभतो असं माझं ठाम मत झालं आहे.

त्याबरोबर ऱ्हस्व-दीर्घही आपोआप पक्कं होतं. मी 'गुण'वरून थेट 'गूळ' केलं, तर आईने वही परत केली. गुण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ऱ्हस्वच राहतो. गूळ मराठी, शेवटी अकारान्त अक्षर, म्हणून आधीचा उकार दीर्घ. दोन बदल झाले, पाऊल बाद. पाचवी-सहावीच्या मुलांना शुद्धलेखनाचे नियम पाठ करायला लावण्याआधी शिक्षकांनी हा खेळ वर्गात एकदा घेऊन बघावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मराठी ॲप का चांगलं होत नाही, हेही कळलं. भाच्याने हौसेने छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने 'पान' ते 'फूल' बरोबर काढलं, पण 'दूध' ते 'दही' अडकलं. संगणक 'दूर' हा शब्द द, ऊकाराची खूण आणि र असा तीन खुणांचा मोजतो, आणि 'दर' दोनच खुणांचा, कारण 'द'मधल्या 'अ'ला वेगळी खूण नसते. लांबी बदलली की इंग्रजीसाठी बेतलेला नियम पाऊल नाकारतो. आधी शब्दाची अक्षरं पाडून, 'अ' हीसुद्धा एक मात्रा धरली तरच गणित जमतं. भाचा आता त्यावर बसला आहे.

आणि काही शब्दांना वाटच नसते. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने पाच अक्षरी 5757 इंग्रजी शब्द तपासले, त्यांतल्या 671 शब्दांना एकही शेजारी, म्हणजे एक अक्षर बदलून होणारा शब्द, नव्हता. त्यांना त्याने 'अलूफ', म्हणजे अलिप्त, म्हटलं, आणि 'अलूफ' हा शब्द स्वतःही त्यांतलाच एक. त्यामुळे शिडी सापडली नाही तर मी आता चिडत नाही.

ॲप अजून फोनवर आहे, आठवड्यातून दोन-तीनदा उघडते. वही मात्र रोज. गेल्या आठवड्यात आईला 'फूल' ते 'फळ' घातलं. मला वाटलं, दोनांत होईल: फूल, फल, फळ. तिने मान हलवली. "आपल्या घरात कोणी 'फल' म्हणतं का गं?" आणि चार दिवसांनी सकाळच्या चहाला तिने वही माझ्यापुढे सरकवली. तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: फूल, मूल, मूळ, मळ, फळ.