डनव्हेगन किल्ला : नाशिककराच्या नजरेतून

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील डनव्हेगन किल्ला सुमारे ८०० वर्षे मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखांचे निवासस्थान आहे. रामशेज आणि साल्हेरचे ओस बुरूज पाहत वाढलेल्या आम्हा नाशिककरांना हा नांदता किल्ला पाहून फार अप्रूप वाटले. आत जपलेला जीर्ण रेशमी ‘परी-ध्वज’ कुळाला संकटात तारतो, अशी श्रद्धा आहे.

मन रमले ते मात्र सुमारे ५ एकरांच्या बागांत. उघड्या माळरानांच्या या बेटावर ओहोळ-धबधब्यांचे जलोद्यान आणि पूर्वी किल्ल्याला भाजीपाला पुरवणारी, भिंतींनी वेढलेली बाग इतक्या निगुतीने राखलेली पाहून, एके काळी गुलशनाबाद म्हटल्या जाणाऱ्या आपल्या शहराची तीव्रतेने आठवण झाली. हिवाळ्यात किल्ला बंद असतो. बागांसाठी निदान दोन तास हाताशी ठेवावेत.