तोंडी की लेखी? संख्याज्ञानाची चाचणी पारखताना

कराडकडच्या झेडपी शाळेत लेखी पेपर तासाभरात अख्खा वर्ग उरकतो. प्रश्नांचा आपसातला मेळ दाखवणारा क्रोनबाखचा अल्फाही लगेच निघतो. पण अल्फा ०.८ इतका चांगला आला म्हणजे चाचणी गणितच मोजते, असं थोडंच आहे? 'उसाच्या ४२ मोळ्यांपैकी १७ गाडीत भरल्या...' हे वाचताच न येणारं पोर वजाबाकीत कच्चं ठरतं. मोजलं काय, तर वाचन!

'असर' या गावोगावच्या शिक्षण-सर्वेक्षणासारखी तोंडी चाचणी एकेका मुलाजवळ बसून होते: अंकओळख, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. वेळखाऊ प्रकरण. शिवाय तपासणारा बदलला की निकाल हलू शकतो. म्हणून काही मुलांना दोघांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ताळा करायलाच हवा.

तरी पहिली-दुसरीला मी तोंडीच घेईन. चौथीपुढे लेखी चालेल, शाब्दिक उदाहरणं मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर.