कण्यातली पट्टी जागच्या जागी ठेवणारे बाइंडर

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत, जिन्याखाली, बाइंडिंगचे एक लहानसे दुकान आहे. तिथे मी गेल्या महिन्यात एक लॅटिन पुस्तक दुरुस्तीला दिले होते. जुनी पुस्तके बाळगणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे.

पुस्तक म्हणजे १६१२ साली जर्मनीतल्या कोलोनला छापलेले छोटेखानी व्याकरण. पाठीचे चामडे सुटले होते आणि त्या फटीतून, शिवणीवर चिकटवलेली चर्मपत्राची बोटभर रुंद पट्टी दिसत होती. तिच्यावर तपकिरी शाईत हाताने लिहिलेले ‘...नुस पार्स हेरेडि...’ एवढेच वाचता येते. ‘डोमिनुस पार्स हेरेडिटाटिस मेए’, म्हणजे ‘परमेश्वर माझ्या वतनाचा वाटा आहे’, हा लॅटिन बायबलातील पंधराव्या स्तोत्राचा चरण आहे. अक्षरे गोल, सुटी, कॅरोलिंजियन वळणाची आहेत. हे वळण फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळात, इ. स. ८०० च्या सुमारास रुजले आणि बाराव्या शतकापर्यंत चालले. म्हणजे पट्टी पुस्तकाहून किमान चारशे वर्षांनी जुनी.

चर्मपत्र हे चुन्यात भिजवून, चौकटीवर ताणून वाळवलेले जनावराचे कातडे. ते कागदापेक्षा कितीतरी चिवट असते. १४५० च्या दशकात युरोपात छपाई सुरू झाली, पुढे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत अनेक मठांची ग्रंथालये मोडली, आणि कोणालाच नकोशा झालेल्या हस्तलिखितांची पाने कापून बांधणीकारांनी ती पाठीच्या अस्तराला, शिवणीच्या आधाराला आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वापरली. जुन्या लिप्यांचे अभ्यासक इ. ए. लो यांनी इ. स. ८०० पूर्वीच्या लॅटिन हस्तलिखितांची जी प्रचंड सूची केली, तिच्यातही असे सुटे तुकडे पुष्कळ आहेत. कातरीनेच ते आपल्यापर्यंत पोहोचवले, याचे मला नेहमी नवल वाटते.

आधी दुसऱ्या एका दुकानात मला ‘पट्टी भिजवून काढून देतो, फ्रेम करून घ्या’ असा सल्ला मिळाला होता. इथल्या काकांनी मात्र पुस्तक उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “ही काढली तर कुठल्या पुस्तकातनं निघाली हे उद्या कोण सांगणार? राहू द्या तिथंच.” जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत त्यांना मोडी लिहिलेले कागद अनेकदा सापडले आहेत आणि लोक ते टाकून देतात, याची त्यांना मनापासून हळहळ वाटते.

काम करताना त्यांनी फेविकॉलला हात लावला नाही. गव्हाच्या पिठाची घट्ट खळ आणि पातळ जपानी कागद वापरून सुटलेले सांधे जोडले आणि पट्टीला ओल लागू दिली नाही, कारण पाणी लागले की चर्मपत्र फुगते आणि वाळताना आक्रसून वेडेवाकडे होते. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नवी चामडी पाठ त्यांनी कण्याला न चिकटवता पोकळ ठेवली. आता पुस्तक उघडले की वरच्या टोकाकडून डोकावून ती अक्षरे पाहता येतात.

दोन तक्रारी आहेत. दहा दिवसांचा वायदा होता, लागले चोवीस. पावसात खळ वाळत नव्हती हे कारण खरे असले, तरी तसे आधी फोन करून सांगायला हवे होते. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी घातलेली कोरी पाने इतकी पांढरीशुभ्र आहेत, की जुन्या पानांशेजारी डोळ्यांना खटकतात. दुकानाचा शिक्का आतल्या बाजूला मारण्याची त्यांची पद्धत आहे. तो नको असल्यास आधीच सांगावे. मजुरी १,८०० रुपये झाली आणि मला ती वाजवी वाटली.

आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीचा पुठ्ठा उसवला आहे आणि त्याच्या कोपऱ्यात मोडीच्या दोन ओळी दिसतात. ती वही पुढच्या आठवड्यात याच काकांकडे नेणार आहे.