ग्लुकोमीटर : आठ महिने आणि जळगावचा एक उन्हाळा

घरी रक्तातली शुगर मोजायचं हे यंत्र चांगलं आहे. पाच सेकंदांत आकडा देतं, बटणासारखा सेल आठ महिन्यांत बदलावा लागला नाही. तक्रार आहे ती स्ट्रिपांबद्दल (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या), आणि तीही एप्रिल-मे मधली.

डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलंय. जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो, पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते सांगायला नको. उष्णता आणि ओल यांनी स्ट्रिपवरचं एन्झाइम (शुगर ओळखणारं द्रव्य) खराब होतं, मग आकड्यावर भरवसा नाही. फ्रिजही नको, कारण गार डबी उघडली की आत ओल धरते. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या फडताळात, झाकण घट्ट लावून ठेवावी. ५० ऐवजी २५ ची डबी घ्यावी आणि उघडल्याची तारीख वर लिहावी. भर दुपारी यंत्र तापमानाची खूण दाखवून अडून बसतं. तो बिघाड नव्हे, गार जागेत ठेवलं की चालतं.

केळी सोललेल्या हाताने तपासलं तर शुगर भलतीच चढलेली दिसते (आपल्याकडे हे फार होतं). सॅनिटायझरने भागत नाही. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका.

लॅबशी ताडायचं तर उपाशीपोटी, त्याच वेळी. जेवणानंतर बोटातल्या रक्ताची शुगर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते. लॅबला १८० आली तर यंत्रावर १५३ ते २०७ पर्यंत चालतं, १५ टक्क्यांची मुभा आहे. मात्र अंगात रक्त कमी (हिमोग्लोबिन कमी) असेल तर यंत्र जास्त दाखवू शकतं. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, फसवा निघतो, बहुधा कमी येतो. त्यांनी तो आजार डॉक्टरांना आधी सांगावा. त्यांच्यासाठी घरच्या नोंदींचं मोल जास्त.

स्ट्रिपा महाग म्हणून बरेच जण फक्त सकाळचीच शुगर बघतात. त्यापेक्षा, गोळ्यांवर असाल तर, एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी, अशी आलटून-पालटून बघा. वहीत आकड्यासमोर काय खाल्लं तेही लिहा. कळण्याची भाकरी किती, शेवभाजी किती, हे दिसलं तरच डॉक्टर गोळीचा डोस नीट ठरवतील. इन्सुलिनवाल्यांनी तपासायच्या वेळा डॉक्टरांनाच विचाराव्यात.