घोड्यांची दुनळी: दुरुस्तीनंतरचा पहिला पावसाळा

बाहेर दोन घोडे (चाप ओढला की काडतुसावर बार उडवायला आपटणारे हातोडे) असलेली आमच्या पणजोबांची दुनळी बंदूक उन्हाळ्याच्या तोंडाला कारागिराकडे दिली होती, ती मिरगाच्या आधी घरी आली. आता पावसाळा संपला, खंडेनवमीला तिची पूजाही झाली. काम कसं झालंय हे आत्ता कुठे सांगता येईल. दुरुस्ती झाल्या झाल्या सगळंच चांगलं दिसतं, पण बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात लोखंडाची परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही बंदूक आम्ही बार काढण्यासाठी दुरुस्त केलेली नाही. आहे ती आहे तशी टिकावी, घोडे-चाप नीट चालावेत, एवढंच काम सांगितलं होतं. घरातल्या काही जणांना हे पटलं नव्हतं. 'एवढा खर्च करून नुसती भिंतीवर लावायची?' असं काकांनी विचारलं होतं. त्यांना नळ्या उतरवून दाखवल्या.

नळ्या उलट्या केल्या की मागच्या सपाट भागावर चाचणीचे ठसे असतात. आमच्या बंदुकीवर अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली तारा आहे. हा बेल्जियममधल्या लिएज शहराचा ठसा. घरात पिढ्यानपिढ्या सगळे तिला इंग्लंडची समजत आले. 1893 पासून या चौकटीवर मुकुट आला. आमच्या ठशावर तो नाही, म्हणजे बंदूक त्याआधीची, काळ्या दारूच्या काळातली. आजच्या काडतुसांत असते त्या बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याची खूण कुठेच नाही.

त्यात नळ्या दमास्कसच्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकत जोडलेल्या. गंज उतरल्यावर दोरखंडाच्या पिळासारखे बारीक वळसे नळीभर उमटले, उन्हात तिरकं धरलं की तांबूस आणि करडा असे दोन रंग वेगळे दिसतात. दिसायला याहून देखणं काम मी पाहिलेलं नाही. पण हा प्रत्येक वळसा म्हणजे एक जोड आहे, आणि शंभराहून जास्त वर्षांत त्या जोडांत गंज किती आत गेलाय हे बाहेरून कळत नाही. शिवाय त्या काळच्या बारा बोअरच्या (नळीच्या मापाच्या) बंदुकीचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बहुतेक 65 मिलिमीटरचं, आणि आज सर्रास मिळणारं काडतूस 70 चं. न उडालेलं काडतूस आत आरामात बसतं, इथंच माणूस फसतो. ते उडाल्यावर तोंड उलगडतं, पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब भलताच वाढतो. हे ऐकल्यावर काकांनी पुन्हा विषय काढला नाही.

कारागीर परवानाधारक आणि जुन्या हाताचा. त्यांचं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: 'अण्णा, ह्या नळ्यांना काळी पॉलिश नको.' हल्ली नळी काळी करायची ती कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवून. जुन्या दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी नरम डाखाने जोडलेली असते, तो डाख त्या द्रावणात खाल्ला जातो आणि दमास्कसची नक्षीही बिघडते. म्हणून नुसतं तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकर, तीही हलक्या हाताने. मग नळ्या दोरीला टांगून बोटाने टिचकी मारली. स्वच्छ नाद आला म्हणजे पट्टी सुटलेली नाही, बद्द आवाज आला असता तर काम वाढलं असतं.

डावा घोडा अर्ध्यावर थांबत नव्हता. आतली छोटी कमान (स्प्रिंग) तुटली होती, ती त्यांनी घासून नवी बसवली. आता दोन्ही घोड्यांचा 'टक' असा आवाज सारखा येतो. रिकाम्या नळीवर घोडा मात्र पाडायचा नाही. अंगठ्याने धरून सावकाश खाली आणायचा, नाहीतर खोटं काडतूस घालायचं. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो खटकन पाडून बघायचाच असतो, म्हणून हल्ली मी हातात देण्याआधीच सांगतो.

अक्रोडाच्या दस्त्यावर कुणीतरी फर्निचरचं वार्निश चोपडलं होतं. ते काढून उकळलेलं जवसाचं तेल तळहाताने चोळून भरलं, पातळ हात, मध्ये भरपूर दिवस सोडून. आमच्याकडे जवस चटणीला घरात असतोच, पण घाण्याचं कच्चं तेल इथल्या हवेत लवकर सुकत नाही, चिकट राहतं. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पावसाळाभर दस्ता ना फुगला ना पांढरा पडला, याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

लोखंडाचा अनुभव मिश्र. शिलाई मशीनचं तेल इथल्या पावसात पुरत नाही, ते ओघळून जातं. चापाच्या कडीवर बोटांचे तांबूस डाग धरायला लागल्यावर मी संग्रहालयात वापरतात तसं मेण, रेनेसाँस वॅक्स, लावलं, आणि त्यानंतर एकही डाग नाही. खोबरेल लावायची जुनी पद्धत सोडा, ते कालांतराने चिकट होतं आणि लॉकमध्ये (घोड्याच्या आतल्या यंत्रणेत) मळ धरतो. कातडी म्यान दिसायला छान, पण ओल धरून ठेवतं. बंदूक कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, नळीचं तोंड खाली करून ठेवतो, म्हणजे तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

जुनी आहे म्हणून परवाना नको, हा समज आमच्या भागात फार आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या हत्याराला आहे. घोडा, चाप, नळी शाबूत असेल तर परवाना हवाच, आणि दुरुस्त करणाऱ्याकडेही दुरुस्तीचा परवाना हवा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागू शकते. त्याआधी मेणाचा जाडसर हात द्या, नंबर, ठसे आणि दस्त्याचे फोटो काढून ठेवा, आणि पावतीवर 'दमास्कस नळ्या, दोन घोडे शाबूत' असं लिहून मागा.